ब्लूजचे मुलूख

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. तिथल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी झीज सोसली, त्यांच्याबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुण्यातल्या या माणसाला अमेरिकेबद्दल जी आशा वाटत होती, तिला त्या वर्षी भक्कम आधार होता. तीनच वर्षांपूर्वी, १८७० मध्ये, मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ अमेरिकेच्या सिनेटवर गेले होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांची बाजारात बोली लागत होती, ती माणसे मत देत होती, जमीन घेण्याचा विचार करत होती, मुलांना शाळेत घालत होती.

ही आशा फार काळ टिकली नाही. १८७७ मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतून अंग काढून घेतले. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली आणि मतदानासाठी कर व राज्यघटनेचे कलम वाचून-समजावून सांगण्याची परीक्षा अशा अटी घातल्या. थोड्याच वर्षांत त्या राज्यातला कृष्णवर्णीय मतदार यादीतून जवळजवळ नाहीसा झाला. रेल्वेचे डबे वेगळे करण्याला १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मान्यता दिली. झुंडीने माणसे मारणे हा तर त्या काळातला नित्याचा प्रकार होता.

ब्लूज नावाचे गाणे आकाराला आले ते याच काळात, साधारण १८९० ते १९०५ या पंधरा वर्षांत. म्हणून ‘ब्लूज हे गुलामांचे संगीत’ हे सरसकट विधान मला चुकीचे वाटते. गुलामांच्या पिढीची गाणी वेगळी होती. चर्चमधली भजने होती, रांगेने काम करताना म्हणायची गाणी होती, आणि ती जवळपास सगळी समूहाची होती. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. ब्लूज गायला तो त्या गुलामांच्या मुलांनी आणि नातवांनी. कायद्याने मोकळी आणि व्यवहारात जखडलेली अशी ही पहिली पिढी. तिच्या गाण्यात ‘आम्ही’ जाऊन ‘मी’ आला.

हा बदल समजून घ्यायचा तर कापसाकडे पाहावे लागते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला. लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला पूर्वी कधी पाहिला नव्हता असा भाव आला. युद्ध संपले तशी मुंबईतली सट्ट्याची लाट फुटली, पेढ्या आणि बँका बुडाल्या. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला. पण आता तो पिकवायचा कोणी आणि कोणत्या बोलीवर, हा प्रश्न तिथल्या मळेवाल्यांपुढे होता, कारण गुलाम उरले नव्हते.

त्यावर निघालेला तोडगा आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही: अर्धेली. मळ्याचे तुकडे पाडायचे, एकेका कुटुंबाला एकेक तुकडा द्यायचा, बियाणे, खेचर, अवजारे मालकाची, कष्ट कुटुंबाचे, पीक निम्मे-निम्मे. मधल्या काळात पीठ, मीठ, कापडचोपड मळ्यावरच्याच दुकानातून उधारीवर आणायचे. वर्षाअखेरीस हिशेब व्हायचा तो मालकाच्या वहीत, आणि बहुतेक वेळा त्यातून येणे निघण्याऐवजी देणेच निघायचे. कर्ज फिटेपर्यंत मळा सोडता यायचा नाही. काही जण रातोरात पळून जात. ब्लूजमध्ये रेल्वे आणि रस्ता इतका का भरलेला आहे, त्याचे मूळ इथे आहे.

या पद्धतीने गाणेही बदलले. गुलामीच्या काळात शंभर-शंभर माणसे एका मुकादमाखाली रांगेने खुरपत. आता एक माणूस, एक खेचर आणि नजर पोहोचेल तिथवर कापूस. आरोळी ठोकली तर उचलायला जवळ कोणी नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ चार्ल्स पीबडी १९०१ आणि १९०२ मध्ये मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ जुन्या टेकाडांचे उत्खनन करत होते. खोदकामाला लावलेले मजूर गाण्याच्या तालावर माती उपसत, आणि शेजारच्या शेतात खेचरामागे राबणारा एक माणूस दिवसभर स्वतःशीच लांबलचक हेल काढत असे. त्या हेलांना सूर कोणता म्हणावा हे पीबडींना कळेना. १९०३ मध्ये त्यांनी एका लोकसाहित्याच्या नियतकालिकात या गाण्यांवर टिपण लिहिले. ब्लूजच्या जन्मस्थळाजवळून आलेल्या अगदी पहिल्या लेखी नोंदींपैकी ही एक आहे, आणि ती संगीताशी संबंध नसलेल्या माणसाने केलेली आहे.

शेतातली ही एकट्याची आरोळी घरी आली आणि तिला गिटार मिळाली. १८९०च्या दशकात सिअर्स रोबकसारख्या कंपन्या टपालाने वस्तू पाठवू लागल्या होत्या आणि त्यांच्या यादीत काही डॉलरांत गिटार मिळत असे. ज्यांना तेही परवडत नव्हते ते केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणत, खाली बाटली सरकवून ती घट्ट करत आणि दुसऱ्या बाटलीने तारेवर घासत सूर काढत. या एकतारी वाद्याला डिडली बो म्हणतात. दक्षिणेतल्या कित्येक नामवंत गिटारवादकांचे पहिले वाद्य हेच होते. काच किंवा चाकूचे पाते तारेवरून घसरवून वाजवण्याची जी पद्धत पुढे ब्लूजची ओळख झाली, तिला एकीकडे हे घरगुती वाद्य आणि दुसरीकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकाभर गाजलेली हवाई बेटांची गिटार, असे दोन्हीकडून बळ मिळाले.

आता या गाण्याची बांधणी पाहू. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार मिळून एक कडवे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे किंवा तिच्यावर कडी करायची. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गायक ती साधारण निम्म्यात संपवतो. उरलेली जागा वाद्याची. पूर्वी जिथे साऱ्या टोळीने ओळ उचलली असती, तिथे आता गिटार किंवा तोंडाने वाजवायचा बाजा (हार्मोनिका) उत्तर देतो. एकटा माणूस स्वतःच्याच दोन हातांनी समूहाचे काम करतो. ब्लूजमधली सर्वांत मोठी कल्पकता मला इथे दिसते.

सुरांचे म्हणाल तर षड्ज, मध्यम आणि पंचम या तीन स्वरांवर उभारलेले स्वरमेळ (कॉर्ड) खाली चालू असतात. ते युरोपीय पद्धतीचे आहेत, चर्चमधून आणि गोऱ्यांच्या लोकगीतांतून आलेले. त्यांच्यात शुद्ध गंधार असतो. गायक मात्र गंधार घेतो तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेत, कधी खालून वर सरकत, कधी थरथरवत. निषादाचेही तेच, आणि काही वेळा पंचमाचेही. खालचा शुद्ध आणि वरचा जवळपास कोमल यांच्या घर्षणातून तो विशिष्ट बोचरा रंग येतो. आपल्या कानाला श्रुती आणि मींड ओळखीच्या असल्याने ही गोष्ट चटकन कळते. पियानोवर मधली जागा नसते, म्हणून ब्लूज वाजवणारे पियानोवादक कोमल आणि शुद्ध अशा दोन्ही पट्ट्या एकदम किंवा लागोपाठ दाबून तो भास निर्माण करतात.

या मधल्या सुरांचे मूळ पश्चिम आफ्रिकेत शोधले जाते, आणि ते योग्यच आहे. सेनेगल, गांबिया, माली या पट्ट्यात वंशपरंपरेने गाणाऱ्या भाट-शाहिरांच्या जाती आहेत. त्यांची तंतुवाद्ये अमेरिकेतल्या बँजोची पूर्वज मानली जातात, आणि त्यांच्या गायनात एका अक्षरावर अनेक सूर घेण्याची, वरून खाली उतरत येण्याची रीत आहे. साउथ कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी नगारे वाजवत उठाव केला. त्यानंतर १७४०च्या कायद्याने त्यांना ढोल-नगारे बाळगायला बंदी झाली. तंतुवाद्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही, ती राहिली. मालीचे थोर गिटारवादक अली फार्का टूरे ब्लूज आपल्याकडूनच गेला असे ठासून सांगत आणि त्यांचे वादन ऐकताना ते पटतेही. तरीसुद्धा बारा बारांचे कडवे, तीन स्वरमेळ आणि एकट्या माणसाची ही कैफियत, असे सगळे एकत्र आफ्रिकेत कुठे सापडत नाही. ते अमेरिकेच्या दक्षिणेत घडले.

बारा बारांचा हिशेब पक्का झाला तो छापील संगीतामुळे. डब्ल्यू. सी. हँडी हे शिकलेले, स्वरलेखन जाणणारे बँडमास्तर. १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहताना त्यांनी एका फाटक्या कपड्यातल्या माणसाला गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवताना ऐकले. दोन लोहमार्ग एकमेकांना छेदतात त्या ठिकाणी जाण्याबद्दल तो गात होता. हँडींनी असे गाणे पूर्वी ऐकले नव्हते. १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ आणि १९१४ मध्ये ‘सेंट लुइस ब्लूज’ त्यांनी छापून बाजारात आणले आणि बँडना वाजवता येईल असा साचा तयार झाला. एकटा गाणारा माणूस मात्र त्या साच्याला बांधील नव्हता. टेक्सासचे लाइटनिन हॉपकिन्स किंवा डेट्रॉइटला गेलेले जॉन ली हूकर यांच्या गाण्यात कधी अकरा बार होतात, कधी साडेतेरा. त्यांना हवा तेव्हा स्वरमेळ बदलतो.

ध्वनिमुद्रणात ब्लूज आणला तो बायकांनी, हे विसरले जाते. १० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायले. पहिल्या महिन्यातच त्या तबकडीच्या ७५ हजार प्रती खपल्याचे सांगितले जाते. कृष्णवर्णीय लोक पैसे मोजून तबकड्या घेतात, हे कंपन्यांना त्या दिवसांत कळले. १९२३ मध्ये मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या तबकड्या आल्या. तंबूतल्या आणि नाट्यगृहांतल्या खेळांमध्ये तयार झालेल्या या गायिका होत्या, ध्वनिवर्धक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणाऱ्या. मागे पियानो, कॉर्नेट, ट्रॉम्बोन. एकाकी पुरुष आणि त्याची गिटार हे ब्लूजचे चित्र आपण नंतरच्या काळात रंगवले. १९२०च्या दशकात ब्लूज म्हणजे रेशमी झगा घातलेली, भरगच्च मोबदला घेणारी राणी होती.

गिटारवाल्या पुरुषांकडे कंपन्या वळल्या त्या १९२६ नंतर, टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्या तबकड्या खपू लागल्यावर. इथून पुढे ब्लूजचे वेगवेगळे मुलूख स्पष्ट दिसू लागतात. त्यांची वर्णने पुस्तकांत पुष्कळदा स्वभावाच्या भाषेत केलेली असतात: इकडचा ब्लूज उग्र, तिकडचा मवाळ. मला ते पुरेसे वाटत नाही. वाजवणाऱ्याला कुठे बसून, कोणापुढे आणि किती गोंगाटात वाजवायचे होते, हे विचारले की शैलींमधले बरेचसे फरक उलगडतात.

पहिला मुलूख अर्थात मिसिसिपी डेल्टा. हा नदीच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश नव्हे. मेम्फिसच्या दक्षिणेपासून व्हिक्सबर्गपर्यंत मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला पानाच्या आकाराचा सपाट पूरमैदानी पट्टा आहे हा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत यातला मोठा भाग दलदल आणि जंगल होता. ते तोडले, पूर अडवायला बांध घातले, रेल्वे टाकली ती कृष्णवर्णीय मजुरांनी. मग तिथे अवाढव्य कापूसमळे उभे राहिले. विल डॉकरी यांनी १८९५ मध्ये वसवलेल्या हजारो एकरांच्या मळ्यावर स्वतःचे दुकान, स्वतःचे रेल्वे स्थानक आणि मळ्यापुरते चालणारे नाणेही होते. शेकडो कुटुंबे तिथे राहत. चार्ली पॅटन यांचे कुटुंब १९००च्या सुमारास तिथे आले.

शनिवारी मजुरी हाती पडली की रात्री कोणाच्या तरी झोपडीतले सामान बाहेर काढून नाच सुरू व्हायचा. मासे तळले जायचे, घरी गाळलेली दारू विकली जायची. अशा जागेला ज्यूक जॉइंट म्हणत. वीज नाही, बँड नाही. एक माणूस आणि एक गिटार यांनी पहाटेपर्यंत तीस-चाळीस माणसे नाचवायची. पॅटन गिटारच्या लाकडावर थापा मारत, पायाने फळीवर ताल धरत, घोगरा आवाज पार फाडून काढत, गिटार डोक्यामागे किंवा पायांमध्ये धरून वाजवत. डेल्टा शैलीचा खडबडीतपणा, खर्जातल्या तारेवरचा तो ठोका, एकच तुकडा पुन्हापुन्हा घोळवत नेण्याची रीत, हे सगळे त्या झोपडीतल्या नाचाच्या गरजेतून आले. पॅटन यांच्या गाण्यांत गावातला शेरीफ येतो, १९२७चा मिसिसिपीचा महापूर येतो. त्यांच्याकडून सन हाउस, विली ब्राउन, हाउलिन वुल्फ शिकले.

डेल्टा म्हटले की रॉबर्ट जॉन्सन आणि मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाशी केलेला सौदा ही कथा सांगितली जातेच. तिचे आकर्षण मला समजते. पण तिने एका कारागिराचे कष्ट पुसून टाकले याचा मला राग येतो. जॉन्सन तरुणपणी गिटार बरी वाजवत नसत, काही काळ गावाबाहेर गेले आणि परतले ते चकित करणारे वादन घेऊन, एवढे खरे. त्या काळात ते हेझलहर्स्टजवळ आइक झिमरमन या गिटारवादकाकडे शिकत होते. शिवाय ते तबकड्या लक्ष देऊन ऐकत, पियानोवरची डाव्या हाताची चाल गिटारच्या खर्जाच्या तारांवर उतरवत. १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये त्यांनी एकूण २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, २७व्या वर्षी, ते वारले. सैतानाचा सौदा ही गोष्ट त्यांच्याआधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जात असे.

डेल्टाच्या पूर्वेला जमीन उंचावते आणि होली स्प्रिंग्ज, कोमो या बाजूच्या टेकड्या लागतात. माती हलकी, मळे लहान. इथे वेताची बासरी आणि ढोल यांची मिरवणुकीतली जुनी परंपरा टिकून राहिली होती, आणि इथला ब्लूजही तिच्या अंगाने जातो. तीन स्वरमेळ बाजूला ठेवून एकाच स्वरमेळावर गाणे तासन्‌तास फिरत राहते, ताल मात्र सतत सरकत असतो. फ्रेड मॅकडॉवेल या शैलीचे मोठे वादक. दिवसभर कापूस वेचून आलेल्या मॅकडॉवेलना लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी १९५९ मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले. आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किंब्रो यांचे नाव व्हायला तर १९९०चे दशक उजाडले.

इतका उशीर का झाला, तर तबकड्यांसाठी गायक शोधणारी माणसे त्या टेकड्यांत पोहोचली नाहीत म्हणून. जॅक्सन गावात फॅरिश स्ट्रीटवर एच. सी. स्पायर नावाच्या गोऱ्या दुकानदाराचे संगीतसाहित्याचे दुकान होते. पॅटन, स्किप जेम्स, टॉमी जॉन्सन यांना कंपन्यांपर्यंत त्यांनी पोहोचवले. रॉबर्ट जॉन्सनही आधी त्यांच्याकडेच आले. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय आवडते यावरून ते गायक निवडत. त्यांनी पाठवलेल्यांपैकी कित्येक जण विस्कॉन्सिनमधल्या पॅरामाउंट कंपनीत गेले. ही कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची होती. फोनोग्राफची लाकडी कपाटे विकायची तर सोबत तबकड्याही हव्यात, म्हणून ती या धंद्यात आली होती. अमेरिकेच्या लोकसंगीताचा अमोल ठेवा असा फर्निचरच्या व्यापारातून जमा झाला. आज आपण ‘डेल्टा ब्लूज’ म्हणून जे ऐकतो, त्यात स्पायर यांच्या कानाचा मोठा वाटा आहे.

अटलांटिककडच्या बाजूला, व्हर्जिनियापासून जॉर्जियापर्यंतच्या पीडमाँट पठारावर, परिस्थिती वेगळी होती. अवाढव्य मळ्यांऐवजी छोटी शेते, तंबाखूचे कारखाने, सूतगिरण्या, जवळजवळची गावे. गोरे आणि काळे वादक एकमेकांचे ऐकत. बँजो आणि फिडलची परंपरा दोघांचीही, शिवाय रॅगटाइम नावाचे उडत्या ठेक्याचे पियानोसंगीत लोकप्रिय. इथला वादक अंगठ्याने खर्जाच्या दोन तारांवर आळीपाळीने टाळ धरल्यासारखा ताल चालू ठेवतो आणि बोटांनी वरच्या तारांवर धून वाजवतो, त्यामुळे एका गिटारमधून दोन वाजल्याचा भास होतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरम शहरात तंबाखूच्या लिलावाच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या हातात रोख पैसा येई. गोदामांच्या दाराशी ब्लाइंड बॉय फुलर उभे असत. येणाऱ्याजाणाऱ्याला क्षणात थांबवायचे आणि नाणे टाकायला लावायचे, तर वादन लखलखीत, चपळ आणि हसरे हवे. फुलर यांनी १९३५ ते १९४० या काळात शंभराहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. अटलांटाच्या रस्त्यांवर ब्लाइंड विली मॅकटेल बारा तारांची गिटार वापरत. ती सहा तारांच्या गिटारपेक्षा जास्त घुमते.

इतके अंध वादक का, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. ज्या समाजात अंगमेहनत हाच जवळपास एकमेव रोजगार होता, तिथे डोळे गेलेल्या माणसापुढे भीक किंवा गाणे हे दोनच रस्ते उरत. या माणसांनी रोज, तासन्‌तास, पोटासाठी वाजवले. त्यांच्या बोटांतली सफाई तिथून आली.

टेक्सासमध्ये लेमन जेफरसन डॅलसच्या डीप एलम भागात, रेल्वेमार्गालगत, असेच रस्त्यावर गात. पण त्यांची रीत पीडमाँटच्या उलट होती. ते ताल चक्क सोडून देत. उंच, दूरवर जाणारा आवाज लावून ओळ म्हणायची, थांबायचे आणि गिटारच्या एकेका तारेवर लांब, वळणावळणाची तान घेऊन तिला उत्तर द्यायचे. त्यावर नाचणे कठीणच, ती ऐकण्याची गोष्ट होती. या एकतारी तानांनीच पुढचा सारा इतिहास बदलला. लहानपणी जेफरसन यांचा हात धरून त्यांना रस्त्यातून नेणारा मुलगा म्हणजे टी-बोन वॉकर. त्याने विजेची गिटार हाती घेतली, कॅलिफोर्नियात जाऊन तिला जॅझच्या वाद्यवृंदापुढे उभे केले आणि १९४७ मध्ये सोमवारच्या उदासीवरचे त्याचे गाणे देशभर गाजले. ते ऐकून मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवरचा एक तरुण भारावला. तो बी. बी. किंग. त्याचा नातलग बुका व्हाइट काच घसरवून वाजवण्यात पटाईत होता, पण किंगला ते जमेना. म्हणून त्याने डाव्या हाताचे बोट तारेवर थरथरवून तसाच नाद काढायचा ध्यास घेतला. आज जगभरातले रॉक गिटारवादक जो कंप वापरतात, तो त्यातून आला.

मेम्फिसमध्ये बील स्ट्रीटवर मातीच्या जगांत फुंकून खर्ज काढणारे जग बँड होते, कॅन्सस सिटीत मोठ्या वाद्यवृंदावर मात करून गाणारे बिग जो टर्नर होते, लुइझियानाच्या दलदली प्रदेशात स्लिम हार्पो यांचा संथ, ओलसर ठेका होता. बेंटोनिया गावच्या स्किप जेम्स यांनी गिटार कोमल गंधाराच्या मेळात लावून एक वेगळीच, अंगावर काटा आणणारी वाट काढली. त्या प्रत्येकावर स्वतंत्र प्रकरण होईल.

सर्वांत मोठा बदल घडवला तो स्थलांतराने. पहिल्या महायुद्धापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. डेल्टातून इलिनॉय सेंट्रलची गाडी थेट शिकागोला जात असे. शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या १९४० मध्ये सुमारे २ लाख ७८ हजार होती, १९६० मध्ये ती ८ लाख १३ हजारांच्या आसपास पोहोचली. माणसांना मळ्यावरून हुसकायला यंत्रही आले. २ ऑक्टोबर १९४४ रोजी क्लार्क्सडेलजवळच्या हॉपसन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि अर्धेलीच्या पद्धतीचे दिवस भरले हे पाहणाऱ्यांना कळले.

त्याच्या आदल्या वर्षी जवळच्याच स्टोव्हल मळ्यावरचा एक ट्रॅक्टरचालक मजुरीवरून मालकाच्या मुकादमाशी बिनसल्यावर शिकागोला निघून गेला होता. मॅककिन्ली मॉर्गनफील्ड त्याचे नाव, पण लोक त्याला मडी वॉटर्स म्हणत. शिकागोच्या दक्षिण भागातल्या दारूच्या गुत्त्यांत तो गाऊ लागला आणि त्याच्या लक्षात आले की मळ्यावरची गिटार इथे कोणालाच ऐकू जात नाही. पेले आपटत होते, कारखान्यातून सुटलेली माणसे ओरडून बोलत होती, बाहेर गाड्या धावत होत्या. त्याने विजेची गिटार घेतली. मग ड्रम आले, बेस आला. त्याच्यासोबत वाजवणाऱ्या लिटल वॉल्टर यांनी स्वस्तातला मायक्रोफोन बाज्यासकट ओंजळीत धरला आणि तो ॲम्प्लिफायरला जोडून बाज्यातून सॅक्सोफोनसारखा भरदार आवाज काढला. १९५२ मध्ये त्यांची ‘ज्यूक’ ही धून कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत आठ आठवडे पहिल्या स्थानावर होती. पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातले लिओनार्ड आणि फिल चेस हे भाऊ गुत्त्याच्या धंद्यातून तबकड्यांच्या धंद्यात आले आणि चेस रेकॉर्ड्समधून हा आवाज बाहेर पडला. मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून लंडनच्या काही मुलांनी पुढे आपल्या बँडला रोलिंग स्टोन्स हे नाव दिले. रॉकचा सारा विस्तार या गुत्त्यांच्या दारातून सुरू होतो.

मुंबईलाही हा आवाज प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, तेव्हा मडी वॉटर्ससोबत वाजवलेले बडी गाय पहिल्याच वर्षी तिथे आले होते.

ब्लूजचे मुलूख ओळखायला पुस्तकापेक्षा कान उपयोगी पडतो, आणि त्यासाठी वाचकाने दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत असे मी आवर्जून सुचवेन. ऑगस्ट १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क स्टोव्हल मळ्यावर मडी वॉटर्सच्या घरी यंत्र घेऊन गेले, तेव्हा त्याने ‘आय बीज ट्रबल्ड’ गायले. १९४८ मध्ये शिकागोत त्याने तेच गाणे शब्दांत थोडा फेरफार करून ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ या नावाने ॲरिस्टोक्रॅट कंपनीसाठी म्हटले. सोबतीला फक्त बेस होता आणि गिटार विजेची होती. माणूस तोच, चाल तीच, मध्ये सात वर्षे आणि हजारभर किलोमीटर. आधी मळ्यावरचे ऐका, मग शहरातले.